मुंबईत चौघांची तीन रात्रींची सोय: रोज दोन हजारांत जमेल का?

परभणीकर_७१

मुलीच्या अमेरिकेच्या व्हिसाचं काम आहे. बुधवारी सकाळी बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) बोटांचे ठसे-फोटो, गुरुवारी सकाळी तिथल्याच अमेरिकी कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. मी, बायको, मुलगी आणि माझी आई, असे चौघं. आईला यात काही काम नाही, पण तिला एकदा समुद्र बघायचा आहे, म्हणून बरोबर घेतोय.

जाताना देवगिरी एक्सप्रेस, मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास मुंबई. परतीची पण देवगिरीच, शुक्रवारी रात्रीची. म्हणजे मंगळ, बुध, गुरू या तीन रात्रींची सोय पाहिजे. रोजचे दोन हजार धरलेत, ओढूनताणून अडीच. अॅपवर बघितलं तर बाराशेची खोली पण दिसते आणि बारा हजारांची पण, आणि फोटो दोन्हीकडे सारखेच. बाराशेचं खरं किती आणि खोटं किती ते कळेना. नातेवाईक डोंबिवलीला आहेत, पण त्यांच्या वन आरकेत चौघं जाऊन पडणं बरं दिसत नाही.

दादर बरं, ठाणे बरं की सीएसएमटीजवळ? धर्मशाळा मिळते का? जाणकारांनी सांगावं.

---

हार्बर_लाईन

परभणीकर, आधी काम कुठे आहे ते बघा, मग त्या कामाच्या लाईनवर खोली शोधा. मुंबईत किलोमीटर मोजून उपयोग नसतो. कुलाब्याहून बीकेसीला टॅक्सीने सकाळी दीड तास जाऊ शकतो आणि मरोळहून मेट्रोने सहज पाऊण तासाच्या आत पोचता येतं.

तुमचं काम बीकेसीत, आणि तिथे आता मेट्रो ३ जाते. ही भुयारी लाईन आरेहून बीकेसीपर्यंत ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत धावते. या टोकापासून त्या टोकापर्यंतचं तिकीट ७० रुपये. स्टेशनांत लिफ्ट आहेत, आईंच्या दृष्टीने हा मोठा फायदा. त्यामुळे जुना सल्ला ('दादरला उतरा, बाकी बघू') थोडा बदलावा लागतो. तुमच्यासाठी तीन पट्टे सांगतो.

पहिला अंधेरी पूर्व: मरोळ नाका, चकाला, साकीनाका. विमानतळामुळे इथे मध्यम हॉटेलांची गर्दी आहे. इमारती त्यामानाने नव्या, बहुतेक ठिकाणी लिफ्ट, खोलीतच बाथरूम. दोघांची एसी खोली साधारण अठराशे ते अडीच हजार. मरोळ नाक्याला घाटकोपर-वर्सोवा मेट्रो आणि मेट्रो ३ एकमेकींना मिळतात, तिथून बीकेसी एका गाडीत. इथली खोड अशी की गिऱ्हाईक कंपन्यांचं, त्यामुळे सोमवार ते गुरुवार भाव चढे आणि शुक्रवार ते रविवार उतरलेले. तुमचे नेमके चढे दिवस आहेत. कुलाबा-जुहूकडे याच्या उलट, शनिवार-रविवार महाग.

दुसरा दादर. देवगिरी दादरला थांबते, खानावळी चालत्या अंतरावर, मराठी माणसाला बिचकायला होत नाही. पश्चिमेला मेट्रो ३ चं दादर स्टेशन आहे; तिथून शितलादेवी, धारावी आणि मग बीकेसी. मुलाखतीच्या सकाळी एवढा सोपा रस्ता दुसरीकडून नाही. अडचण एकच, लॉज जुने आणि खोल्या लहान. नॉन-एसी डबल साधारण चौदाशे ते दोन हजार, एसी त्याच्या वर. चौघांची एकच मोठी खोली मिळाली तर अडीच-तीन हजार.

तिसरा कुर्ला पश्चिम आणि सांताक्रूझ पूर्वेचा वाकोला. बीकेसीला सगळ्यात जवळ आणि स्वस्त. रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे, त्या हिशेबाने चौघांचं जाणं किरकोळ. (चौथं माणूस रिक्षात बसवत नाहीत, दोन कराव्या लागतील, तरीही.) पण कुर्ला स्टेशनजवळचे लॉज म्हणजे रात्रभर भोंगे आणि हातगाड्या. पहाटे उठून मुलाखतीला जायचं असेल तर मुलीची झोप महत्त्वाची. वाकोला त्यापेक्षा बरा.

सीएसएमटी-फोर्ट-कुलाबा समुद्र बघायला छान, पण तिथले परवडणारे गेस्ट हाऊस जुन्या इमारतींत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असतात. लाकडी जिना, लिफ्ट असली तर जाळीच्या दाराची आणि बऱ्याचदा बंद. एका मोठ्या खोलीचे प्लायवूडने चार भाग केलेले आणि प्लाय छतापर्यंत न पोचणारं, म्हणजे शेजाऱ्याचं घोरणं फुकट. एकट्या-दुकट्या पोराला चालतं. आईंना घेऊन नको.

ग्रँट रोड-मुंबई सेंट्रलच्या काही गल्ल्यांत भाव फार कमी दिसतील. तिथे तासावर खोल्या देणारे लॉज आहेत. कुटुंबासह असाल तर अॅपवरच्या परीक्षणांत 'फॅमिली' हा शब्द शोधा, नाही सापडला तर पुढे सरका.

डोंबिवलीकरांकडे राहायला नको वाटतं ते बरोबर आहे. पण शुक्रवारी जेवायला जा, नाहीतर परभणीपर्यंत बोल ऐकावे लागतील.

---

काउंटर_नाईट_ड्युटी

भाग वर सांगितलाय. मी लॉजच्या काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो.

अॅपवर बाराशे दिसणारी खोली खोटी नसते, पण ती कुणासाठी असते ते बघा. तो भाव दोन माणसांचा, बहुधा बिनखिडकीच्या खोलीचा, कराशिवाय आणि आगाऊ पैसे भरून रद्द न करण्याच्या अटीवर. तुम्ही चौघं दारात उभे राहिलात की जादा माणसाचे चारशे ते सहाशे लागतात, दोन माणसांचे म्हणजे आठशे ते बाराशे, आणि गादी जमिनीवर. बुकिंग करतानाच माणसं चार टाका. 'दोन टाकू, तिथे बघू' म्हणणाऱ्याला काउंटरवर हमखास जास्त पडतं, कारण तोपर्यंत सामान आत आलेलं असतं आणि मागे फिरायची ताकद नसते.

खोलीचं क्षेत्रफळ लिहिलेलं असेल तर वाचा. मुंबईत डबल म्हणून ऐंशी-नव्वद चौरस फुटांची खोली सर्रास देतात. एवढ्यात पलंग, कपाट आणि बाथरूम गेलं की जमिनीवर एक गादी जेमतेम बसते, दोन नाही. चौघांसाठी दीडशेच्या खाली बघूच नका.

कर: साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. अजून कुणी १२ लावत असेल तर बिल मागा. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर तो कर तुमच्याकडून घेताच येत नाही. लहान लॉज नोंदणीकृत नसतात, ते कर लावत नाहीत आणि साधी पावती देतात, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते साध्या पावतीवर कर लावणं.

ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं, मूळ, आणि पत्ता असलेलं: आधार, मतदार कार्ड, लायसन्स, पासपोर्ट. पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. लोक आई-वडिलांचं कार्ड घरी ठेवून येतात आणि रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर फोटो मागवत बसतात. आधारची प्रत देताना पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या, ते वैध आहे. मुलीचा पासपोर्ट काउंटरवर ठेवून घेऊ म्हणाले तर देऊ नका, नोंद करून लगेच परत घ्या. तुम्हाला गुरुवारी तोच लागणार आहे.

आणि एक. परदेशी पासपोर्टवाला पाहुणा बरोबर असेल तर आधी सांगा. त्याचा सी फॉर्म (परदेशी पाहुण्याची सरकारी नोंद) ऑनलाइन भरावा लागतो आणि लहान लॉज त्या भानगडीत न पडता सरळ नाही म्हणतात. तुम्हाला नाही, पण धागा वाचणाऱ्यांतल्या कुणाला तरी लागेल.

आता तुमची मुख्य अडचण: गाडी सातला आणि चेक-इन बाराला. मुंबईत दोन पद्धती आहेत. एक 'बारा ते बारा' किंवा 'बारा ते अकरा', दुसरी 'चोवीस तास', म्हणजे ज्या वेळेला शिरलात त्याच वेळेपर्यंत. दादर आणि काळबादेवीच्या जुन्या लॉजमध्ये चोवीस तासवाले अजून सापडतात. काही ठिकाणी चेकआऊट सकाळी नऊचाही असतो, तो फोनवर सांगत नाहीत, भिंतीवर लिहिलेला असतो. बुकिंगआधी थेट फोन करून एवढं विचारा:

'सकाळी साडेसातला आलो तर खोली मिळेल का, त्याचे वेगळे किती? चेकआऊट किती वाजता? लिफ्ट कोणत्या मजल्यापासून? बाथरूम खोलीत की कॉमन? गरम पाणी किती ते किती? एसी दिवसभर की फक्त रात्री? चौघांचे सगळे मिळून किती, करासह?'

लिफ्टचा प्रश्न असाच विचारा, 'लिफ्ट आहे का' असा नको. कित्येक इमारतींत लिफ्ट पहिल्या मजल्यापासून सुरू होते आणि तिथवर वीस पायऱ्या असतात. गरम पाण्याचंही तसंच, सहा ते नऊ येतं आणि साडेनऊला बंद. मुलीला आठ वाजता निघायचं असेल तर पहिला नंबर तिचा लावा, आठला टाकी थंड झालेली असते.

अॅपवर 'हॉटेलात पैसे द्या' असं बुकिंग असेल तर आदल्या दिवशी लॉजवर फोन कराच. खोल्या भरल्या की स्वस्तातलं बुकिंग आधी उडतं, 'आमच्याकडे नोंदच नाही' हे उत्तर ठरलेलं. बुकिंगचा क्रमांक फोनवर वाचून दाखवा, समोरच्याचं नाव विचारून घ्या. नाव दिलेला माणूस सहसा उलटत नाही.

खोली ताब्यात घेण्याआधी पाच मिनिटं: गादीच्या कडेची शिवण उलटून बघा, काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण आहेत, खोली बदलून मागा. फ्लश, नळ, दाराची आतली कडी. पैसे त्यानंतर.

---

परभणीकर_७१

दोघांचेही आभार. लिफ्टचा मुद्दा डोक्यातच नव्हता, आईचे गुडघे गेलेत, वीस पायऱ्या म्हणजे संपलं. दादर नाहीतर मरोळ बघतो. पण धर्मशाळा आणि रेल्वेच्या विश्रामकक्षाचं कुणी काही बोललं नाही. आमच्या इथले एक जण म्हणतात, आमदारांचं पत्र घेऊन जा, आमदार निवासात फुकटात होतं. खरं का?

---

बावीस_डबे

आमदार निवासाचं: आकाशवाणीजवळच्या आमदार निवासात आमदारांच्या नावे खोल्या असतात आणि त्यांच्या पत्रावर मतदारसंघातली माणसं राहतात, हे खरं. पण नरिमन पॉइंटचं मनोरा आमदार निवास पाडलंय, त्यामुळे जागेची ओढाताण. अधिवेशनाच्या काळात नाव काढू नका. इतर वेळीही पत्र म्हणजे खोली नव्हे, त्या खोलीत आधीच कोण उतरलंय त्यावर सगळं. अनोळखी चार माणसांबरोबर सतरंजीवर पडायची तयारी असलेल्या पुरुषमाणसाला ठीक. तुमच्या घरच्या तिघी बायका आहेत, सोडून द्या.

रेल्वेचा विश्रामकक्ष मात्र नीट समजून घ्या, तुमच्या कामाचा आहे. सीएसएमटी, मुंबई सेंट्रल, लोकमान्य टिळक टर्मिनस इथे आहेत. आयआरसीटीसीच्या पर्यटन संकेतस्थळावर रिटायरिंग रूम म्हणून बुकिंग होतं. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी पाहिजे, वेटिंगवर मिळत नाही. ज्या स्टेशनावरून चढता किंवा जिथे उतरता तिथलीच खोली मिळते, म्हणून पीएनआर सीएसएमटीपर्यंतचा असू द्या. तिकीट दादरपर्यंत काढलंत तर सीएसएमटीची खोली दिसणारच नाही. बारा किंवा चोवीस तासांच्या पाळ्या, बहुतेक ठिकाणी सकाळी आठ ते रात्री आठ आणि उलट. एका वेळी जास्तीत जास्त ४८ तास. म्हणजे तीन रात्री यावर निघत नाहीत.

खोल्या मोजक्या आणि साठ दिवस आधी तिकीट खिडकी उघडली की लगेच भरायला लागतात. त्यामुळे तिकीट कन्फर्म झालं त्याच दिवशी बघा. तुम्ही ती शुक्रवारसाठी घ्यावी असं मी सुचवीन. लॉजचा चेकआऊट बाराला आणि गाडी रात्री, मधले आठ-नऊ तास आईंना कुठे बसवणार? परतीच्या पीएनआरवर सीएसएमटीला बारा तासांची दिवसपाळी घेतलीत की सामान तिथे, आईंची दुपारची झोप तिथे, आणि गाडी खालीच. नाहीच मिळाली तर सशुल्क एसी प्रतीक्षालय आहे, तासावर पैसे. सामानासाठी क्लोकरूम, तिथे तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप लागतं. चेनला कुलूप नसलेली बॅग, गाठोडं, पिशवी घेत नाहीत. घरून निघतानाच दोन छोटी कुलपं टाका, स्टेशनबाहेर तीच दुप्पट भावाने मिळतात.

पॉड हॉटेलं (खोलीऐवजी झोपण्यापुरता कप्पा) मुंबई सेंट्रल आणि सीएसएमटीला आहेत. मुंबई सेंट्रलचं नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालं, तेव्हा साध्या पॉडचे बारा तासांचे ९९९ आणि चोवीस तासांचे १,९९९ होते. स्वच्छ असतात, पण पैसे माणशी. चौघांचा गुणाकार केलात की तेवढ्यात दोन खोल्या येतात. परीक्षेला, मुलाखतीला एकट्याने येणाऱ्यासाठी उत्तम. शिवाय काही पॉड वरच्या कप्प्यात असतात, चढायला शिडी. गुडघे गेलेल्यांनी खालचाच मागायचा.

धर्मशाळा. सी. पी. टँकच्या बाजूला माधवबाग, हिराबाग अशा जुन्या आहेत, आणि मेट्रो ३ चं काळबादेवी स्टेशन झाल्यापासून तो भाग बीकेसीला जोडला गेलाय. पण तिथे लागू होणाऱ्या गोष्टी आधी माहीत हव्यात. काही समाजाच्या संस्था आधी समाजातल्यांना देतात. बुकिंग बहुधा फोनवर पक्कं होत नाही, आलात आणि रिकामी असली तर. जैन धर्मशाळेत कांदा-लसूण, अंडी चालत नाहीत, बाहेरून आणूनसुद्धा. रात्री दहा-साडेदहाला फाटक बंद. एकट्या माणसाला काही ठिकाणी देत नाहीत, कुटुंबाला देतात, तेवढा तुमचा फायदा. पहिल्या रात्रीसाठी यावर विसंबू नका. खोली दुसरीकडे पक्की असेल तर बघून या, पटली तर पुढच्या दोन रात्री तिथे.

धर्मशाळेच्या नावाने फसवणूक खूप चालते, हे नीट वाचा. नकाशावर किंवा शोधयंत्रावर दिसणारा फोन नंबर कुणीही बदलू शकतो. तुम्ही फोन करता, समोरचा गोड बोलतो, खोलीचे फोटो पाठवतो, 'दोनच खोल्या राहिल्यात' म्हणून निम्मी रक्कम यूपीआयने मागतो. पैसे पाठवायच्या आधी पडद्यावर खात्याचं नाव येतं, ते वाचा. न्यासाचं खातं न्यासाच्या नावावर असतं. तिथे एखाद्या माणसाचं नाव दिसलं, की फोन ठेवा. आगाऊ पैसे न मागणाऱ्या धर्मशाळाच जास्त. घाई करणारी संस्था सहसा खरी नसते, खऱ्या संस्थेतला माणूस फोन उचलायलाच कंटाळतो.

---

ठाणे_स्लो

ठाण्याचा विषय कुणी घेतला नाही, मी घेतो, आणि तुम्हाला ठाणे नकोच असं सांगतो. भाव दोन-चारशेने कमी असतो, दुसऱ्या वर्गाचं सीएसएमटीचं तिकीट १५ रुपये. कागदावर हिशेब छान बसतो. पण सकाळी आठ ते अकरा ठाण्याहून मुंबईकडे जाणारी फास्ट लोकल आईंना घेऊन पकडायची, हा विचार करूनच बघा. गाडी आत येईपर्यंत भरलेली असते. मुलगी एकटी लेडीज डब्यात चढेल, उतरताना तुमची चुकामूक होईल, आणि मुलाखतीच्या दिवशी मोबाईलही बरोबर नाही!

हो, ते महत्त्वाचं. कॉन्सुलेटमध्ये मोबाईल, लॅपटॉप, बॅग आत नेता येत नाही आणि सामान ठेवायची सोय तिथे नाही. फाटकाबाहेर आसपासचे लोक पैसे घेऊन ठेवतो म्हणतात, त्यांच्याकडे देऊ नका. मुलीने फक्त कागद आणि पासपोर्ट न्यावा, फोन तुमच्याकडे. भेटायची जागा आधी ठरवा, एखादं फाटक किंवा बसथांबा, 'बाहेर भेटू' असं मोघम नको.

ठाणे, वाशी, खारघर त्यांच्यासाठी, ज्यांना वेळेचं बंधन नाही आणि सकाळी अकरानंतर निघून रात्री नऊनंतर परतायचं आहे. तिथे चौघांसाठी स्वयंपाकघरासकट आख्खा वन बीएचके मिळू शकतो, पथ्याचं खाणं करायचं असेल तर उपयोगी. घेताना सोसायटीची परवानगी आहे का ते विचारा. नाहीतर वॉचमन फाटकावर अडवतो आणि मालक फोनवर सांगतो, 'पाहुणे आहोत असं सांगा'. शिवाय रविवारी मेगाब्लॉक. मध्य आणि हार्बरला सकाळी अकरा ते दुपारी चारच्या आसपास गाड्या कमी आणि वळवलेल्या. तुमच्या दिवसांत रविवार नाही, सुटलात.

---

तूरडाळ

धाग्याचा विषय थोडा वेगळा, पण उपचारासाठी येणाऱ्या कुटुंबांना हाच प्रश्न असतो. टाटा मेमोरियलला लातूरहून रुग्ण येतोय, तीन आठवडे तरी लागतील म्हणतात. त्यांच्यासाठी काही आहे का?

---

परळ_नाका

@तूरडाळ, आहे, पण लॉजपासून सुरुवात करू नका. तीन आठवडे लॉज म्हणजे उपचाराचे पैसे खोलीत गेले.

पहिल्या दिवशी नोंदणी झाली, फाईल हातात आली, की टाटातल्याच समाजसेवा विभागात जा. राहण्याची सोय करणाऱ्या बहुतेक संस्था त्यांच्या पत्राशिवाय घेत नाहीत. परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. दोन्हीकडे बाहेरगावच्या रुग्णांना अगदी कमी पैशात राहता येतं. लहान मुलाला कर्करोग असेल तर सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, तिथे मूल आणि आई-वडिलांची सोय होते.

नेमकं अडतं इथे: रुग्णाबरोबर एक, फार तर दोन माणसं. लातूरहून चार जण आले तर उरलेल्यांना परतावं लागतं. फाईलची आणि आधारची प्रत, रुग्णाचे आणि सोबत्याचे फोटो चार-चार ठेवा. जागा नसेल तर यादीत नाव लावून घ्या आणि रोज सकाळी स्वतः जाऊन विचारा. यादी हलते, कारण रोज कुणाला तरी सुट्टी मिळते. पहिले चार-पाच दिवस मात्र बाहेर काढावे लागतील असं धरूनच पैसे आणा. आणि डॉक्टरांना विचारा, पुढचे उपचार खारघरच्या केंद्रात होणार आहेत का. तसं असेल तर परळला खोली घेऊन उपयोग नाही, खारघरलाच बघा.

हॉस्पिटलच्या बाहेर 'खोली पाहिजे का' म्हणत येणारे असतात. रुग्ण संस्थेत जागा मिळवून देण्यासाठी कुणालाही पैसे द्यायचे नसतात.

---

परभणीकर_७१

फोनाफोनी झाली. दादर पूर्वेला चोवीस तास चेकआऊटवाला लॉज मिळाला, पहिला मजला, पायऱ्या चौदा. आई म्हणते चौदा चालतील. चौघांची नॉन-एसी खोली, सगळं धरून २,४००. सकाळी सव्वासातला शिरलो तर शुक्रवारी सव्वासातला सोडायची, म्हणून शुक्रवारची सीएसएमटीची दिवसपाळी टाकली, मिळाली!

बेत असा: मंगळवारी आराम आणि संध्याकाळी गिरगाव चौपाटी. बुधवारी काम झालं की दुपारी राणीबाग. गुरुवारी मुलाखत, मग सिद्धिविनायक. शुक्रवारी सकाळी घारापुरी. काही चुकतंय का?

---

हार्बर_लाईन

राणीबाग बुधवारी बंद असते. ती मंगळवारी दुपारी करा, आराम बुधवारी. भायखळा दादरहून लोकलने जवळ आहे आणि दुपारी गाड्यांत बसायला जागा मिळते.

घारापुरी सोमवारी बंद, तुमचा शुक्रवार आहे, चालेल. पण गेटवेहून बोटीने तासभर आणि वर लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या. आईंसाठी खालून डोली मिळते, दर आधी ठरवून, जाऊन-येऊन असा. पावसाळ्यात येणार असाल तर समुद्र खवळला की बोटी बंद ठेवतात, त्या दिवशी म्युझियम करा, गेटवेपासून चालत दहा मिनिटं.

लॉजवाल्याला विचारून ठेवा की सव्वासात म्हणजे सव्वासात की 'आठपर्यंत चालतं'. आणि शुक्रवारी दादरहून सीएसएमटीला टॅक्सीच करा, सामान आणि आई बरोबर असताना सकाळची लोकल नको. टॅक्सीत चौघं बसतात, मीटरवर चला म्हणा, सुरुवात ३१ रुपयांपासून होते.

---

काउंटर_नाईट_ड्युटी

दादर स्टेशनबाहेर कुणी 'तो लॉज बंद झाला, चला दुसरा दाखवतो' म्हणाला तर थांबू नका, त्याला दुसऱ्या लॉजचं कमिशन असतं. आणि सोमवारी संध्याकाळी, गाडीत बसायच्या आधी, लॉजवर एक फोन करा. रात्रपाळीचा माणूस आठला येतो, त्याच्याशी बोला. सकाळी दार तोच उघडणार आहे.